शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपण म्हणतो आणि तसे करतोही. पण ही परीक्षा खरी केव्हा ठरते, याचा विचार सहसा होत नाही. भात एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजला असेल, तरच एक शीत साऱ्या भांड्याची साक्ष देऊ शकते. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचा ढीग घेणारा व्यापारी वरची चार संत्री पाहून भाव करत नाही. तो हात खाली घालतो. पोत्यात परखी घालून धान्य पाहणारा अडत्याही एका पोत्यावर थांबत नाही. नमुन्यावरून संपूर्ण मालाविषयी किती बोलावे आणि कोठे थांबावे, हे आपल्या व्यापारी घराण्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. संख्याशास्त्र म्हणजे याच शहाणपणाला दिलेले मोजमाप होय.

हे लिहावेसे वाटले ते आमच्या धाकट्या सुनेमुळे. ती औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर असून नागपूरजवळच्या एका औषध कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करते. कारखान्याने तिच्यासह काही जणांना संख्याशास्त्राच्या ऑनलाइन प्रशिक्षणाला बसवले. आठ आठवडे, आठवड्यातून दोन संध्याकाळी, प्रत्येकी दीड तास. आमच्या धरमपेठेतील घरी सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात, त्यामुळे जेवणाचे टेबल त्या वेळी मोकळे असे. तेथेच तिची शाळा भरे. एम.कॉम.च्या अभ्यासात आम्हाला प्रमाण विचलन शिकवले होते; पुढे बँकेत तपासनीस हजारो व्हाउचरांतून मोजकीच उचलून हिशेब पाहत, तेही मी वर्षानुवर्षे पाहिले होते. म्हणून कुतूहलाने मीही शेजारी बसू लागलो.

वर्गात रसायनशास्त्रज्ञ होते, यंत्रविभागातले अभियंते होते, नोंदी ठेवणारे होते. संख्याशास्त्राचा पदवीधर एकही नव्हता. पहिल्याच दिवशी एकाने विचारले, “आकडेमोड संगणक करतो, मग आम्ही हे कशाला शिकायचे?” शिक्षकांचे उत्तर मला आवडले. “संगणक उत्तर देईल, प्रश्न तुम्हालाच विचारायचा आहे आणि कागदावर सही तुमचीच असणार आहे.” सूत्रे पाठ करायची नव्हतीच. प्रत्येकाने आपल्याच विभागातील जुने आकडे घेऊन बसायचे, ते मांडायचे आणि त्यांतून काय म्हणता येते व काय म्हणता येत नाही, हे चार जणांसमोर सांगायचे, अशी पद्धत होती. रेकॉर्डिंग पुन्हा पाहता येई, पाळी सोडून परगावी जावे लागत नसे, ही ऑनलाइनची सोय. पडद्यावरचे काळे चौकोन गप्प राहतात, ही गैरसोय. शिक्षक नाव घेऊन बोलते करत, म्हणून ती टळली.

सरासरीचा धडा माझ्या विशेष लक्षात राहिला. समजा, १०० मिलिग्रॅम औषध असलेली गोळी दोन यंत्रांवर तयार होते. पहिल्यावरच्या गोळ्या ९८ ते १०२ च्या दरम्यान येतात, दुसऱ्यावरच्या ७० ते १३० च्या दरम्यान. सरासरी दोन्हीकडे १००. व्यापारात वर्षाच्या सरासरीवर निभावून जाते. रुग्ण मात्र सरासरी गिळत नाही, तो एक गोळी गिळतो. माझी पत्नी रोज सकाळी थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी घेते. हे प्रमाण एका ग्रॅमचा वीस हजारावा भाग आहे. एक किलो मूळ औषधातून अशा दोन कोटी गोळ्या होतात आणि प्रत्येक गोळीत तो सूक्ष्म अंश सारखाच उतरावा लागतो. गोळी फोडूनच तपासावी लागत असल्याने सर्व गोळ्या तपासता येत नाहीत. प्रमाण समान आहे की नाही हे पाहण्यासाठी प्रथम १० गोळ्या घेतात, शंका आली तर आणखी २० घेतात. मूठभर गोळ्यांवरून लाखोंविषयी निर्णय करायचा, तर त्या कशा निवडल्या आणि त्यांच्यात आपसांत फरक किती, याला सरासरीइतकेच महत्त्व येते.

थोड्या नमुन्यांवरून किती बोलावे, हा प्रश्न सोडवणारा गृहस्थही मूळचा संख्याशास्त्रज्ञ नव्हता. विल्यम गॉसेट हे डब्लिनच्या गिनेस कंपनीत रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने आपला निबंध प्रसिद्ध केला आणि त्यातली चाचणी आज जगभरच्या औषध प्रयोगशाळांत रोज वापरली जाते. कंपनी मद्य बनवणारी, म्हणजे तिचा धंदा आपल्या आचाराला मानवणारा नाही. पण कारखान्यात काम करणाऱ्याला स्वतःच्या गरजेतून हे शास्त्र साधते, याचे तेच उत्तम उदाहरण आहे.

संख्याशास्त्राचे उत्तर ‘इतकेच आहे’ असे नसते; ‘इतक्या नमुन्यावरून, इतक्या खात्रीने, या दोन मर्यादांच्या दरम्यान आहे’ असे असते. हे ऐकताना मला ‘स्यात्’ या पदाची आठवण झाली. ही माझी कल्पना असती, तर ती मी माझ्यापाशीच ठेवली असती. परंतु कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९५४ मध्ये संख्याशास्त्राच्या पायाविषयी लिहिताना स्याद्वादाचा विचार केला आहे, आणि जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९५७ मध्ये ‘संख्या’ या नियतकालिकात याच विषयावर लेख लिहिला. दोन्ही शास्त्रे एक आहेत, असे म्हणण्याचे कारण नाही. मात्र कोणत्या अपेक्षेने बोलतो ते सांगितल्यावाचून विधान करू नये, ही शिस्त आपल्या घरांना परकी नाही.

प्रशिक्षणाचा सहावा आठवडा चालू असताना या विद्येची किंमत आमच्या घरापर्यंत आली. एका गोळीची विद्राव्यता, म्हणजे ठरलेल्या वेळात किती औषध पाण्यात उतरते, ते प्रत्येक घाण्यागणिक तपासले जाई. किमान ८० टक्के हवे. नऊ घाण्यांचे आकडे ९५, ९४, ९४, ९३, ९२, ९०, ८९, ८७, ८५ असे होते. सगळे पास. प्रत्येक कागद स्वतंत्र फाइलमध्ये लागत असल्याने ते एकत्र कोणी पाहिले नव्हते. सूनबाईने ते क्रमाने आलेखावर मांडले आणि उताराची रेघ स्पष्ट दिसली. असा नियंत्रण आलेख अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये मांडला. पुढे १९४७-४८ मध्ये महालनोबीसांच्या निमंत्रणावरून ते भारतातही आले होते. सूनबाईचे म्हणणे इतकेच होते की, कारण कळेपर्यंत शेवटचा घाणा बाहेर पाठवू नये. बैठकीत वरिष्ठांनी तिला विचारले, “नियमात बसणारा माल कोणत्या नियमाने अडवायचा?” तिने आलेख पुढे ठेवला. माल अकरा दिवस थांबला.

योगायोग असा की, तोच माल माझ्या आतेभावाला हवा होता. त्यांचा औषधांचा ठोक व्यापार आहे. एका मोठ्या गिऱ्हाइकाला तारीख दिलेली होती, ती टळली आणि ऑर्डर दुसरीकडे गेली. रविवारी ते घरी आले आणि चहा घेण्यापूर्वीच म्हणाले, “पास झालेला माल अडवून ठेवणारी ही कोणती नवी विद्या, सूनबाई?”

ती म्हणाली, “काका, तुमचे एखादे गिऱ्हाईक तीस दिवसांच्या उधारीवर माल नेते. आजवर आठव्या दिवशी पैसे देत होते. मग बाराव्या, मग अठराव्या, मग पंचविसाव्या दिवशी देऊ लागले. मुदत एकदाही चुकली नाही. तुम्ही पुढचा माल तसाच द्याल का?”

काका काही बोलले नाहीत. मला मात्र बँकेची आठवण झाली. ९० दिवस हप्ता थकला म्हणजे खाते अनुत्पादक ठरते. पण चांगला अधिकारी नव्वदाव्या दिवसाची वाट पाहत नाही. पुढे शोध घेतल्यावर कारण सापडले. गोळी साच्याला चिकटू नये म्हणून मिसळले जाणारे मॅग्नेशियम स्टिअरेट ठरल्यापेक्षा अधिकाधिक वेळ घुसळले जात होते. त्यामुळे गोळी विरघळण्यास वेळ लागू लागला होता. काकांची गेलेली ऑर्डर काही परत आली नाही. त्या दिवशी जाताना त्यांनी एवढेच सांगितले, “अडवायचा असेल तर अडवा, पण आम्हाला आधी कळवा.” ही मागणी रास्त होती आणि सूनबाईने ती कारखान्यात पोहोचवली.

या शास्त्राचा सर्वांत मोलाचा धडा मात्र नमुना कोठे पुरत नाही, हा आहे. कारखान्यांत जुन्या वहिवाटीने चालत आलेला एक नियम असा की, जितकी पिंपे आली त्यांचे वर्गमूळ काढून त्यात एक मिळवावा आणि तितक्या पिंपांतून नमुना घ्यावा. १०० पिंपे आली तर ११ उघडायची. आता त्यांतील एकाच पिंपात विष असेल, तर ते न सापडण्याची शक्यता १०० पैकी ८९ आहे. हे गणित शाळकरी मुलालाही समजेल. पण ते करून पाहिल्याशिवाय ‘नमुना पास झाला’ या शब्दांतील पोकळी जाणवत नाही. ग्लिसरीनसारखेच दिसणारे, चवीला गोड आणि त्याहून स्वस्त असे डायइथिलीन ग्लायकॉल मूत्रपिंडे निकामी करते. ते मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमावा लागला. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा परिसरातील वीसहून अधिक मुले खोकल्याच्या औषधामुळे गेली. त्यांतील अनेकांना उपचारासाठी आपल्या नागपुरातच आणले होते. त्या औषधात हे द्रव्य ४८.६ टक्के आढळले, मर्यादा ०.१ टक्का आहे. अशा द्रव्याच्या बाबतीत शितावरून भात पाहू नये. प्रत्येक पिंपाची ओळखचाचणी करावी. तेथे काटकसर करणे म्हणजे दुसऱ्याच्या मुलाच्या जिवावर बचत करणे होय.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ अखेरीस सुधारित ‘शेड्यूल एम’ अधिसूचित केले. त्यात प्रत्येक उत्पादनाच्या गुणवत्तेचा नियमित आढावा आणि जोखमीचे व्यवस्थापन लहान कारखान्यांनाही लागू केले आहे. आढावा म्हणजे आकडे एकत्र मांडून वाचणे. ते एका संख्याशास्त्रज्ञाने वरच्या मजल्यावर बसून करण्याचे काम नव्हे. यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला ते कळले पाहिजे. ज्यांना कारखाना प्रशिक्षण देत नाही, त्यांच्यासाठी ‘एनपीटीईएल’ आणि २०१७ मध्ये सुरू झालेले ‘स्वयम्’ यांवर जैवसंख्याशास्त्राचे अभ्यासक्रम घरबसल्या विनामूल्य पाहता येतात; परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल, तरच शुल्क पडते.

आपल्या समाजातील अनेक कुटुंबे औषधांच्या ठोक आणि किरकोळ व्यापारात आहेत. काहींची मुलेमुली आता कारखान्यांतही आहेत. त्यांना सूत्रे पाठ असण्याची गरज नाही. तपासणीचा दाखला हाती आला म्हणजे तीन प्रश्न विचारावेत. किती नमुने पाहिले? ते कोणी आणि कोठून काढले? मागच्या वेळेपेक्षा आकडा कोणीकडे सरकला? ज्याच्यापाशी या तिन्हींची उत्तरे तयार असतील, त्याच्याकडून माल घ्यावा, मग तो चार दिवस उशिरा आला तरी चालेल.