निजलेला मारुती, निजलेली मोरी

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाताना सौंसरजवळ जामसांवली लागते. तिथला मारुती निजलेला आहे. आम्हा गोंयकारांना समुद्र ओलांडणारा मारुती ठाऊक, म्हणून या आडव्या देवाचे मला फार अप्रूप.

त्याच्यावरून मला मोरी आठवते. शार्क थांबला की मेला, असे आपण ऐकत आलो. पण प्रवाळातली पांढऱ्या टोकाची मोरी दिवसा कपारीत तळाला खुशाल निजते. तोंडाने पाणी ओढून कल्ल्यांवरून सोडते, म्हणून तिला पोहत राहावे लागत नाही. रात्री ती शिकारीला निघते. काळ्या टोकाची मोरी उथळ पाण्यात फिरताना दिसते. लक्षद्वीप-अंदमानात पाणबुडे दोघींनाही पाहतात.

आमच्याकडे मोरी ताटात भेटते. बाळंतिणीला दूध यावे म्हणून लहान मोरी शोधून आणतात. पण बांगडा हजारोंनी अंडी घालतो. या प्रवाळमोरींना एका वेळी जेमतेम दोन-चार पिल्ले. 2022 साली पनामातल्या परिषदेत या कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाखाली आला. बाजारातली पाटी त्यात येत नाही.

पुढच्या महिन्यात भाची बाळंतपणाला येते आहे. आई मोरीच आणायला सांगणार. तिला काय सांगावे, हे कचेरीतल्या कुठल्याही फायलीपेक्षा मला अवघड वाटते.