गोठ्यासाठी नाचणी

मार्गशीर्षाचे गुरुवार बहुधा चार, क्वचित पाच. नाताळाआधीच्या आगमनकाळाचे रविवार मात्र चारच. पेडण्यातल्या हरमलला, आमच्या वाड्यावर, ही दोन गणितं एकाच गडग्याच्या दोन बाजूंना चालत. अलीकडे आई घट मांडून लक्ष्मीची कहाणी वाचायची, पलीकडे बाय (शेजारणीला आम्ही एवढंच म्हणायचो) मेणबत्ती पेटवायची. सुरूच्या डहाळ्यांचं वळं, त्यात तीन जांभळ्या मेणबत्त्या, एक गुलाबी. दर रविवारी एक जास्त. हे वळं मुळात जर्मनांचं. १८३९ साली हॅम्बर्गच्या एका पाद्र्याने ते केलं, सांभाळायला घेतलेल्या पोरांची ‘नाताळ कधी?’ ही भुणभुण थांबावी म्हणून. भुणभुण आम्हीही कमी करत नव्हतो.

पण मला मेणबत्त्यांपेक्षा नाचणी आठवते. सायबिणीच्या (मारियामातेच्या) फेस्ताच्या सुमारास, ८ डिसेंबरच्या आगेमागे, बाय बिस्किटांच्या डब्यांची जुनी झाकणं काढायची. बोटभर माती, वर रात्रभर भिजवलेली नाचणी, त्यावर ओलं फडकं. बाळ येशूच्या गोठ्याभोवती हिरवं शेत लागतं, ते हे. दोन-तीन दिवसांनी फडकं उचललं की मोहरीएवढ्या दाण्याला पांढरा धागा फुटलेला असे. मी तासातासाला उचलून बघायची. “घाय करूं नाका गो,” एवढं म्हणून मग बाय ओंजळीतलं पाणी बोटांच्या फटींतून गाळायची. ओतायची नाही, ओतलं की दाणे एका कडेला वाहून जातात. तेवढा वेळ ती कोणाशी बोलत नसे. आमचं नवरात्रातलं रुजवण असंच, पण ते देवासमोर, सोवळ्यात. इथे मला बोट बुडवायची मुभा होती.

पुढे नोकरीने डिचोलीला आले. खनिजाच्या ट्रकांनी लाल केलेले रस्ते, झाडांच्या पानांवरही तोच रंग. एका डिसेंबरात इगर्जीत मिसाला मागच्या बाकावर जाऊन बसले. पाद्रीबाब जांभळ्या झग्यात, आणि ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत गाळलेलं. आगमनकाळाच्या रविवारी ते म्हणत नाहीत. आता थेट नाताळच्या रात्री. गाणं असं गळ्यात धरून ठेवायची रीत मला फार आवडली. आमच्याकडे आनंद झाला की पेढे आधी, बातमी नंतर.

फादर स्टीफन्सने हे धरून ठेवणं केवढ्या मापात केलंय! १६१६ साली राशोलला छापलेलं त्याचं ‘क्रिस्तपुराण’ मराठीत, सुमारे ११,००० ओव्यांचं. त्यातलं पहिलं पुराण सगळं जुन्या कराराचं: सृष्टी, आदाम, जलप्रलय, राजे, संदेष्टे. जन्म दुसऱ्या पुराणात. ऐकणाऱ्याने हजारो ओव्या थांबायचं. माणूस इंग्रज, पण इथल्या श्रोत्याची नाडी त्याला सापडली होती. पुराणाला बसलेल्याला घरी जायची घाई नसते. त्या बाकावर मला मात्र झाकणंच आठवत राहिली.

आणि हरमलचं ते एक वर्ष. बायचा मुलगा बोटीवर होता. नाताळला येणार, मग नाही, मग कदाचित. बायने एक झाकण जास्त पेरलं. नखेत्र (चांदणीचा कागदी कंदील) दरवर्षी बाल्कांवावर, म्हणजे ओसरीवर लागे, ते त्या वर्षी माडाला बांधायला लावलं, उंच, समुद्राच्या अंगाला. एवढ्या लांबून बोटीला काय दिसणार, असं आई मला हळूच म्हणाली. बायला म्हणाली नाही. चोवीसची रात्र आली, गोठ्यात शेत हिरवं झालं, नेवऱ्यांचं ताट गडग्यावरून आमच्याकडे आलं. मुलगा आला नाही.

तीन राजांचं फेस्त झालं, गोठा मोडला. नाचणीची झाकणंही गडग्यावरून आली, आणि आमच्या खऱ्या गोठ्यात गाईने ती दोन घासांत संपवली.

मुलगा आला जानेवारीच्या शेवटी. नखेत्राचा कागद तोवर वाऱ्याने एका बाजूला फाटला होता. आतला दिवा बाय रोज तिन्हीसांजेला लावत होती.