तंजावरात ताईबरोबर

आज सहावा दिवस. ताईचे गुडघे कुरकुरत होते, म्हणून राजवाडा सावकाश पाहिला. सरस्वती महाल ग्रंथालयातून मात्र तिचा पाय निघेना. काचेआडची मोडी पाहून म्हणाली, "आजोबांच्या चोपड्यांतलं अक्षर असंच होतं गं."

माझं मन अजून कालच्या संध्याकाळीच अडकलंय. राजराज चोळाने १०१० साली पुरं केलेलं बृहदीश्वराचं देऊळ, आणि तिथल्या दगडात कोरलेली मराठी! भोसले वंशाचा हा इतिहास दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतला. ताई हवेत बोट फिरवत एकेक अक्षर लावत होती. लहानपणी मला पाटीवर गिरवायला शिकवायची, अगदी तशीच. "थांब, ही ओळ लागली," म्हणाली आणि माझा गळा दाटून आला. लग्नानंतर आम्ही दोघी सलग सात दिवस एकत्र कधी राहिलोच नव्हतो.

इथलं मराठी राज्य व्यंकोजीराजांनी उभं केलं, शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाने.

उद्या रात्रीची गाडी आहे. सकाळी पुन्हा त्या भिंतीपाशी जायचं ठरलंय. बराच मजकूर वाचायचा राहिलाय.