सायलेंसर मिळेल का सायलेंसर?

पहिली रायफल घ्यायची ठरवली, सोबत सायलेंसरही हवा म्हणून हटून बसले, आणि फोर्टातल्या दुकानापासून निघालेला तो प्रवास संपला आमच्याच मजल्यावर, शेजारच्या काकांच्या दारात!

घाटकोपरमध्ये शांतता शोधणं म्हणजे सकाळच्या फास्ट लोकलमध्ये विंडो सीट शोधण्यासारखं आहे. असते म्हणतात, पण आपल्याला कधी मिळत नाही. पंतनगरच्या आमच्या बिल्डिंगवरून विमानं उतरतात. मालिकेतल्या सासूचा महत्त्वाचा डायलॉग नेमका त्याच वेळी येतो, त्यामुळे आमच्याकडे अर्धी मालिका ओठांच्या हालचालींवरून समजून घ्यायची पद्धत आहे. एका बाजूला ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे, दुसऱ्या बाजूला सेंट्रल रेल्वे. २०१४ साली मेट्रो आली आणि अख्खी मुंबई आमच्या स्टेशनच्या पुलावर येऊन उभी राहिली. वल्लभबाग लेनच्या खाऊगल्लीत तर डोशाची ऑर्डरही ओरडूनच द्यावी लागते. एकूण काय, आम्ही घाटकोपरकर जन्मतःच मोठ्या आवाजात बोलतो.

अशा ठिकाणी वाढलेल्या मुलीला बंदुकीच्या आवाजाचा त्रास व्हावा, हे जरा अतीच झालं ना? पण झाला खरा.

टीसीने लावलेलं वेड

१ ऑगस्ट २०२४. ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये सगळे टीव्हीला चिकटलेले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सच्या फायनलला उभा होता. त्याने ब्राँझ घेतलं. या प्रकारातलं भारताचं हे पहिलंच ऑलिम्पिक मेडल. कुणीतरी म्हणालं, हा सेंट्रल रेल्वेत टीसी आहे. म्हणजे आपल्याच लाइनचा की! टीसी ऑलिम्पिकचं मेडल आणतो आणि मी साधा पास वेळेवर रिन्यू करत नाही, याची त्या दिवशी भारी लाज वाटली.

लहानपणी अंजली भागवतचं नाव घरात फार ऐकलेलं. २००० साली सिडनीत ती फायनलपर्यंत पोहोचली तेव्हा बाबांनी पेपरातला फोटो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. तो अजून तिथेच आहे. मग काय, पुढच्याच शनिवारी दादर गाठलं. शिवाजी पार्कच्या सावरकर स्मारकात रायफल शूटिंग शिकवतात, तिथे चौकशी केली आणि १० मीटर एअर रायफलने श्रीगणेशा केला.

एअर रायफलचं टार्गेट पाहिलंत कधी? दहाचा वर्तुळ म्हणतात तो अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असतो. पेन्सिल नुसती टेकवून उचलावी एवढा. तो १० मीटरवरून टिपायचा. त्यासाठी श्वास, नाडी, बॉसचा ई-मेल, सगळं थांबवावं लागतं. दिवसभर डोक्यात घोंघावणारं ऑफिस त्या दोन तासांत गप्प बसतं. आवाजही कसला? हवेच्या दाबाचा 'टप्प'. शेजारच्या टेबलावर कुणी स्टेपलर मारावा तसा.

कागदपत्रांचीही कटकट नाही. ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूलपर्यंतची ताकद असलेल्या एअर रायफलला आपल्याकडे शस्त्रपरवाना लागत नाही. ओळखपत्र आणि पत्त्याच्या पुराव्याची झेरॉक्स दिली, बिल घेतलं, रायफल माझी! फक्त एकदा ती घेऊन मेट्रोत शिरायला गेले. स्कॅनरवर बॅगची सावली दिसली आणि चार जणांनी मला घेरलं. चूक माझीच होती. मागची काकू मात्र दुसरीला समजावत होती, ''अगं, गिटार असेल.'' त्या दिवशी साकीनाक्याहून घरापर्यंत रिक्षाने आले.

कानठळी

खरी भानगड झाली ती बालेवाडीला. ओळखीच्या प्रशिक्षकांनी एका वीकेण्डला पॉइंट टू टू हातात दिली. कुसाळेने मेडल घेतलं तीच जात. जमिनीवर पालथी पडले, नेम धरला, ट्रिगर दाबला आणि डोळे घट्ट मिटून घेतले. गोळी कुठे गेली देव जाणे. दुसऱ्या वेळी तर आवाज व्हायच्या आधीच खांदा दचकला. घाईघाईत कानातला एक प्लग नीट बसला नव्हता. रात्री परतीच्या गाडीत तो कान ठाण्यापर्यंत शिटी वाजवत होता.

टू टू ही त्यातल्या त्यात सौम्य समजली जाते. तरीही तिचा आवाज १४० डेसिबलच्या घरात जातो आणि मोठ्या रायफलींचा १६०च्या पुढे. कानाला कायमची इजा व्हायला असा एक आवाजही पुरतो.

मी फॅमिली ग्रुपवर रडगाणं गायले. डॅलसच्या दादाचा लगेच फोटो आला. टेबलावर काळी नळी, मोठ्या टॉर्चएवढी. ''सायलेंसर घे ना. मी जानेवारीतच घेतला, २०२६ची सुरुवातच त्याने केली.''

दादा गेली वीस वर्षं तिकडे आहे आणि तिकडचा नागरिक आहे. त्याने सगळी प्रक्रिया फोनवर सांगितली. दुकानात नळी पसंत करायची, फॉर्म भरायचा, बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचे, सरकारकडून मंजुरी आली की घरी न्यायची. १९३४च्या कायद्याने त्यावर २०० डॉलरचा कर होता. त्या काळात ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती. १ जानेवारी २०२६ पासून कर शून्य झाला, पण फॉर्म आणि ठसे चुकले नाहीत. नॉर्वेत तर शिकारी लोक सायलेंसर सरळ दुकानातून आणतात. कानाची काळजी आणि शेजाऱ्यांची झोप, असा साधा हिशेब.

झालं! मला सायलेंसर हवा झाला.

''बुलेटचा पाहिजे तर कुर्ल्याला जा''

फोर्टातलं ते बंदुकीचं दुकान जुन्या पेनांच्या दुकानासारखं दिसतं. लाकडी काउंटर, काचेची कपाटं, मागे तीन पिढ्यांचे फोटो. टू टूच्या किमती विचारून झाल्यावर मी हळूच विषय काढला. शेठनी चष्मा कपाळावर सरकवला.

''सायलेंसर? बुलेटचा पाहिजे तर कुर्ल्याला जा, सीएसटी रोडला. बंदुकीचा पाहिजे तर विसरून जा.''

मग त्यांनी चहा मागवला आणि माझी शाळा घेतली. आपल्या शस्त्र नियमांच्या पहिल्या वर्गात, म्हणजे प्रतिबंधित शस्त्रांच्याच यादीत, बंदुकीचा आवाज किंवा ठिणगी कमी करणाऱ्या जोडणीचं नाव आहे. खेळाडू असा, शेतकरी असा नाहीतर उद्योगपती, दुकानातून तो मिळत नाही. रायफलीसाठी परवाना मिळतो, पण तिला मुकं करायची मुभा नाही.

शेठनी सांगितलेली एक गोष्ट तर कमाल आहे. मॅक्सिम नावाच्या गृहस्थाने १८८४ साली मशीनगन बनवली आणि तिच्याच आवाजाने पुढे त्याचे कान गेले. त्याच्या मुलाने १९०९ साली सायलेंसरचं पेटंट घेतलं. बापाने आवाज काढला, पोराने तो दाबला! युक्ती मोटारीच्या सायलेंसरचीच. नळीतून सुटणाऱ्या गरम वायूला एकामागून एक कप्पे पार करायला लावायचे, म्हणजे तो एकदम फुटत नाही. पण सिनेमात होतं तसं 'फुस्स' वगैरे काही होत नाही. वीस-तीस डेसिबल कमी होतात, आणि गोळी आवाजापेक्षा वेगाने जात असेल तर तिचा स्वतःचा कडाका उरतोच.

''कायद्याला भीती कसली वाटते, समजलं का?'' शेठ म्हणाले. ''गोळी सुटली आणि बाजूच्याला कळलंच नाही, याची.''

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर तेव्हा काही समजलं नव्हतं. फॉर्म कुठे मिळतो एवढंच विचारलं.

कागदांचा नेम

मुंबईत शस्त्रपरवाना पोलिस आयुक्तांकडून मिळतो. वय किमान २१ हवं. ओळख, पत्ता, फोटो हे आलंच. शिवाय शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचा डॉक्टरी दाखला, शस्त्र सुरक्षितपणे हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र, शस्त्र कुलपात ठेवीन अशी हमी, आणि माझ्यासारख्यांना रायफल क्लबचं पत्र. अर्ज गेला की तुमच्या हद्दीतलं पोलिस ठाणं चौकशी करून अहवाल पाठवतं. त्यासाठी नियमात ३० दिवस आहेत आणि अहवाल आल्यावर निर्णयाला ६०. परवाना मिळालाच तर पाच वर्षांचा. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच शस्त्रं राहू शकतात. निवडणूक आली की शस्त्र जमा करायची नोटीस येऊ शकते, ते वेगळंच.

डॉक्टरांनी विचारलं, ''राग येतो का?'' मी म्हटलं, ''घाटकोपर स्टेशनवर संध्याकाळी सात वाजता सगळ्यांना येतो.'' ते हसले नाहीत. हे असे विनोद त्या खुर्चीत बसून करायचे नसतात, एवढं लक्षात ठेवा.

सगळ्यात कठीण कागद निघाला घरातलाच. हमीपत्रावर पत्ता घरचा होता आणि आईने ते वाचलं. ''त्या हवेच्या बंदुकीचं मी काही बोलले नाही,'' ती म्हणाली. ''पण खऱ्या गोळीची बंदूक या घरात येणार नाही. पाहिजे तर मेडल आण आणि बंदूक तिकडेच ठेव.'' एवढं बोलून ती भाजी चिरायला बसली. बाबा पेपरात. मी चिडले, रडले, ''तुम्हाला खेळातलं काही कळत नाही'' वगैरे सगळं म्हणून घेतलं.

काकांचा जबाब

चौकशीला हवालदार आले ते रविवारी सकाळी. घर पाहिलं, कपाट पाहिलं, कपाटाच्या दारावरची अंजली भागवत पाहून खूश झाले. मग म्हणाले, शेजारी कोण आहे?

शेजारी काका आहेत. विक्रोळीच्या कंपनीतून रिटायर झालेले. त्यांना विचारलं, ''मुलगी कशी आहे?'' काका म्हणाले, ''चांगली आहे. गाणी मोठ्याने लावते.'' हवालदारांनी ते लिहून घेतलं की नाही माहीत नाही, पण चहा घेऊन गेले.

ते गेल्यावर काकांनी मला आत बोलावलं.

रमाबाई आंबेडकर नगर आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ११ जुलै १९९७च्या सकाळी तिथल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झालेली दिसली, लोक हायवेवर आले, आणि राज्य राखीव पोलिस दलाने गोळीबार केला. १० माणसं गेली. मी तेव्हा पाच वर्षांची होते. शाळेला सुट्टी मिळाली आणि आईने दिवसभर खिडकी उघडू दिली नाही, एवढंच मला आठवतं. काकांचे मेव्हणे त्या वस्तीत राहायचे, हे मात्र मला ३० वर्षं शेजारी राहूनही माहीत नव्हतं.

''मी नाइट करून घरी येत होतो,'' काका म्हणाले. ''आधी वाटलं फटाके. मग लोक पळायला लागले. मेव्हण्याची पोरं दूध आणायला निघालेली, आवाज ऐकून मागच्या गल्लीत वळली. आवाज आला म्हणून वळली, बाळा.''

मी काहीच बोलले नाही. वरून एक विमान गेलं. ते पुरतं जाईपर्यंत आम्ही दोघंही थांबलो. घाटकोपरमध्ये तशी सवयच आहे.

''तू खेळ,'' काका म्हणाले. ''खेळाला आमची ना नाही. पण तुझी आई खिडकी का लावून घेते, ते तिला कधी विचारलंस का?''

त्या संध्याकाळी विचारलं. आई पहिल्यांदा त्या सकाळीबद्दल बोलली. बाबा कामावर निघाले होते आणि दुपारपर्यंत त्यांचा पत्ता नव्हता. घरी फोन नव्हता. ती सकाळपासून फक्त आवाज मोजत बसली होती. एवढ्या वर्षांत मी तिला दिवाळीत एक लवंगीसुद्धा लावताना पाहिलेलं नाही. मला वाटायचं, धुराचा त्रास होत असेल.

फोर्टातल्या शेठचं बोलणं मला तेव्हा कळलं. दादाच्या डॅलसमध्ये आवाज ही कानाची अडचण असेल, तिथे तो दाबायचा फॉर्म मिळतो. आमच्या हायवेवर त्या आवाजानेच कुणाला वळायला सांगितलं होतं. गोळी सुटली तर ती आजूबाजूला ऐकू गेलीच पाहिजे, हे मला आता पटलंय.

अहवाल गेलाय, परवाना अजून यायचाय. आला तरी रायफल घरी आणणार नाही. ती रेंजवरच ठेवायची रीतसर परवानगी मिळते का, ते विचारते आहे. नाही मिळाली तर एअर रायफल आहेच. दचकण्यावर औषधही सापडलं : कानात फोमचे प्लग नीट दाबून बसवायचे, वर इअरमफ लावायचे आणि सराव करायचा. प्लगची जोडी वडापावच्या भावात मिळते.

घरी रिकाम्या एअर रायफलने नुसता नेम धरायचा सराव चालतो. आमच्या वन बीएचकेत १० मीटर कुठले मिळायला? स्वयंपाकघराच्या खिडकीपासून हॉलच्या दारापर्यंत साडेसातच भरतात. उरलेले अडीच पॅसेजमध्ये जातात, म्हणून काळा ठिपका चिकटवलाय तो काकांच्या दाराशेजारच्या भिंतीवर. सराव करायच्या आधी बेल वाजवून सांगायचं, अशी त्यांची अट आहे. येत्या ११ जुलैला त्यांच्याबरोबर रमाबाई नगरच्या स्मारकावर जायचं ठरलंय. आईही येते म्हणाली.