नशा कुठून पाहिली?

१८ जून
या वर्षी एम.ए.च्या मुलांना ‘अमली पदार्थ आणि समाज’ हा विषय शिकवायचा आहे. तयारीची सुरुवात औषधशास्त्रापासून केली. राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४मध्ये गांजातला टीएचसी हा नशा आणणारा घटक शुद्ध रूपात वेगळा काढला. तो मेंदूत जिथे जाऊन बसतो ती जागा १९८८मध्ये सापडली. त्याच जागी बसणारं, मेंदू स्वतः तयार करतो ते रसायनही १९९२मध्ये हाती लागलं. काम भक्कम आहे. गांजाने भूक का खवळते, आत्ताचं आत्ता का विसरतं, याचा उलगडा इथे होतो. पण एकाच चिलमीतून ओढणाऱ्या दोघांपैकी एक खुशीत येतो आणि दुसरा घाबराघुबरा होतो, तेव्हा नुसता रेणू पुरत नाही.

२१ जून
हॉवर्ड बेकर हा शिकागोत जॅझ पियानो वाजवणारा समाजशास्त्रज्ञ. गांजा ओढणाऱ्या ५० जणांशी बोलून त्याने १९५३मध्ये एक निबंध लिहिला. त्यातला नवखा माणूस डोळ्यांपुढून हलत नाही. तो साध्या सिगारेटसारखा झुरका मारतो आणि म्हणतो, मला काहीच होत नाही. मंडळी त्याला शिकवतात: धुराबरोबर हवा ओढ, आत धरून ठेव. मग पाय रबरासारखे झालेत, भूक लागली आहे, हीच ती चढलेली, हेही त्याला दुसऱ्यांच्या बोलण्यातून कळतं. शेवटी गरगरणं, घसा सुकणं, डोक्याला झिणझिण्या येणं यात मजा आहे, हेसुद्धा शिकावं लागतं. एरवी यातल्या कशाला कोण सुख म्हणेल? बेकरच्या लेखी नशा ही संगतीत शिकलेली गोष्ट आहे.

२५ जून
जी. एम. कार्स्टेअर्स मनोविकारतज्ज्ञ होते, पण राजस्थानातल्या एका गावात मानववंशशास्त्रज्ञासारखे राहिले. दारू आणि भांगेवरचा त्यांचा निबंध १९५४चा. गावातले राजपूत दारू पीत, ब्राह्मणांना दारूची किळस, पण भांग चाले. राजपुताला मर्दुमकीशी जुळणारी नशा हवी होती आणि ब्राह्मणाला भक्तीशी जुळणारी. कुठली धुंदी प्रतिष्ठेची आणि कुठली लाजिरवाणी, हे आपला समाज आधीच ठरवून ठेवतो.

कायदाही आपल्या परीने रेघ ओढतोच. १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थांविषयीच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची पानं त्या व्याख्येत बसत नाहीत, म्हणून भांग त्यातून सुटते. झाड एकच, पण एका भागासाठी तुरुंग आहे आणि दुसऱ्यासाठी सरकारमान्य दुकान असू शकतं.

३० जून
ब्रिटिश सरकारने भारतातल्या गांजा-भांगेच्या चौकशीसाठी नेमलेल्या १८९३–९४च्या हेम्प ड्रग्ज कमिशनचा अहवाल दिवसभर वाचला. अध्यक्ष मॅकवर्थ यंग, साक्षीदार १,१९३, खंड सात. गांजाने माणूस वेडा होतो, हे त्या काळी वेड्यांच्या इस्पितळांच्या आकड्यांवरून सिद्ध मानलं जाई. कमिशनने त्या नोंदींचा माग काढला. रस्त्यात भरकटणाऱ्याला पोलीस धरून आणत. त्याच्यासोबतच्या कागदावर ‘कारण’ असा रकाना असे आणि तो भरावाच लागे. घरचं कोणी सोबत नाही, माहिती नाही, मग बऱ्याचदा तिथे ‘गांजा’ पडे. इस्पितळाच्या वहीत तेच उतरे आणि वार्षिक तक्त्यात त्याचंच शास्त्र होई. १८९२ची प्रकरणं एकेक करून पुन्हा तपासल्यावर तो पुरावा ठिसूळ निघाला. बेताच्या सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिरेकाने होऊ शकतो, आणि बंदीपेक्षा कर व नियंत्रण बरं, असा निष्कर्ष निघाला. सगळ्यांना तो पटला नाही. सदस्यांपैकी दोघा भारतीयांनी वेगळं मत नोंदवलं.

इतिहासकार इथे आणखी एक गोष्ट विचारतो: गांजाच्या करातून सरकारच्या तिजोरीत पैसा येत होता, मग हे कमिशन तरी कुठे उभं राहून पाहत होतं?

४ जुलै
आज वर्गात ली रॉबिन्स या संशोधिकेचा अभ्यास घेतला. व्हिएतनाममध्ये सुमारे पाचातला एक अमेरिकन सैनिक हेरॉइन-अफूच्या आहारी गेला होता. १९७१मध्ये परतलेल्यांना रॉबिन्स यांच्या सहकाऱ्यांनी शोधून गाठलं. त्या व्यसनी सैनिकांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात सापडले फक्त सुमारे ५ टक्के. उपचार केंद्रांतल्या डॉक्टरांना हे पटणं अवघड होतं, कारण त्यांच्याकडे येणारे रुग्ण पुन्हा पुन्हा त्याच गर्तेत पडत.

मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, “मॅडम, मग खरं कोणाचं?”

दोघांचंही खरं. ज्याची सुटत नाही तोच केंद्राच्या दारात येतो. ज्याची सुटली त्याला डॉक्टर कधी पाहतच नाही. वर्ग एकदम शांत झाला, मग सगळे एकदम बोलू लागले.

९ जुलै
‘एम्स’चं २०१९मधलं राष्ट्रीय सर्वेक्षण काढलं. १० ते ७५ वयोगटात दारू पिणारे १४.६ टक्के, गांजा-भांग-चरस घेणारे २.८, अफू-हेरॉइनच्या गटातले २.०६. घरोघरी विचारून सगळं कळत नाही, हे संशोधकांना ठाऊक होतं. म्हणून व्यसनात अडकलेल्यांकडून त्यांच्या ओळखीच्यांपर्यंत पोचण्याची दुसरी पद्धतही त्यांनी वापरली. हा प्रामाणिकपणा मुलांना मुद्दाम दाखवायचा आहे.

अनिल अवचटांचं ‘गर्द’ हे पुस्तकही वाचायला देणार. हातात प्रश्नावली न घेता व्यसनात अडकलेल्या पोरांजवळ बसून, त्यांचं ऐकून घेत केलेलं ते लेखन आहे. त्यातूनच पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची मदत मिळाली आणि १९८६मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचटांचं ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. समजून घेणं आणि बरं करणं यांत फार अंतर नसतं, याचा एवढा जवळचा दाखला दुसरा नाही.

१३ जुलै
आतापर्यंत वाचलेल्या बहुतेक अभ्यासांत केंद्रस्थानी आहे तो नशा करणारा. त्याच्या घरातली बाई कुठे आहे? गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेच्या साथीने उभ्या राहिलेल्या दारूमुक्तीच्या चळवळीत बायका पुढे होत्या. १९९३मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आली. २०१६पासून ‘मुक्तिपथ’ या उपक्रमात दारू आणि तंबाखूवर गावपातळीवर काम सुरू झालं. बंदी कितपत साधते यावर वाद होवोत, व्हायलाच हवेत. पण मजुरी कुठे गेली आणि मार कोणी खाल्ला, हा प्रश्न प्रयोगशाळेत किंवा इस्पितळात बसून सुचला नसता.

मुलांचा पहिला स्वाध्याय ठरला. नशेबद्दलचा कुठलाही एक आकडा घ्या. तो कोणी, कुठे उभं राहून, कोणाला विचारून मिळवला ते लिहा. ज्यांना विचारलंच नाही, त्यांची नावनिशी वेगळी लिहा. बंदी हवी की नको, शिक्षा हवी की उपचार, यावर मत द्यायचं ते त्यानंतर.