विंडोजवरून लिनक्सवर येताना

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. मशीन त्यामुळे बंद पडत नाही, पण सुरक्षेचे नेहमीचे अपडेट यायचे थांबतात. माझ्या डेस्कटॉपमधला प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या पिढीतला आणि विंडोज ११ अधिकृतपणे मागतं आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर, शिवाय टीपीएम २.०. मशीन धडधाकट होतं. रॅम वाढवून, एसएसडी टाकून घेतलेलं. ते भंगारात द्यायला मन धजेना. भाचा म्हणाला, "मावशी, उबुंटू लिनक्स टाकू या. फुकट आहे आणि या मशीनवर मस्त पळेल." पळालंही.

मी अक्षरजुळणीचं आणि मांडणीचं काम करते. छोट्या प्रकाशकांची पुस्तकं, संस्थांचे अहवाल, स्मरणिका, दिवाळी अंक. दिवसभर बोटं मराठीतच चालतात, त्यामुळे सगळ्यात मोठी धास्ती कीबोर्डची होती आणि नेमका तिथेच काही त्रास झाला नाही. मी इन्स्क्रिप्टवर टाइप करते. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ठरवलेली ही मांडणी विंडोजवर आहे तशीच लिनक्सवर आहे. डाव्या हाताला स्वर, उजवीकडे बहुतेक व्यंजनं. 'दऱ्या'तला तो आडवा र काढायला शिफ्ट धरून जे, मग डी, मग य; खाली न बघता बोटं बरोबर तिथेच पडली. भाषा बदलायलाही तीच जोडी, विंडोजच्या चिन्हाची कळ आणि स्पेसबार. रोमन अक्षरांतून मराठी टाइप करणाऱ्या माझ्या ओळखीच्यांना हे सुख मिळत नाही, कारण एका साधनात जे अक्षर एका जोडणीने उमटतं, ते दुसऱ्यात वेगळ्याने काढावं लागतं. कामाला नवीन आलेल्या प्रत्येक मुलीला म्हणूनच मी आधी इन्स्क्रिप्ट शिकायला लावते.

फॉन्टनी मात्र छळलं. एका संस्थेचा अहवाल मंगलमध्ये लावलेला होता. मंगल विंडोजबरोबर येतो, लिनक्सबरोबर नाही. लिबरऑफिसने त्या जागी दुसरा फॉन्ट घेतला, ओळी लांबल्या, अनुक्रमणिकेतला एकेक पान क्रमांक खोटा ठरला. वर सगळे ल दंडाचे, हिंदीतल्यासारखे दिसू लागले. आपला पाकळीचा ल आणि देठाचा श मला पानावर हवेच असतात. बऱ्याच शोधाशोधीनंतर कळलं, की मजकुराची भाषा हिंदी लागलेली आहे. ती मराठी केली आणि मराठी रूपांची सोय असलेल्या फॉन्टमध्ये ल जागच्या जागी पालटले. आता नवीन काम मी खुल्या फॉन्टमध्येच लावते, 'मुक्त' नावाचा किंवा राज्य मराठी विकास संस्थेचा 'यशोमुद्रा'. हे फॉन्ट कुठल्याही मशीनवर सोबत नेता येतात.

मांडणीचं म्हणाल, तर इनडिझाइन लिनक्सवर चालत नाही. त्याऐवजी घेतलेल्या स्क्रायबसच्या अलीकडच्या आवृत्त्या देवनागरीची जोडाक्षरं नीट दाखवतात आणि छापखान्याला फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ मिळाली की पुरे. सवय व्हायला वेळ लागला, इतकंच.

खरी दमछाक केली ती जुन्या कामांनी. एका निवृत्त शिक्षकांनी लिहिलेला त्यांच्या गावाचा इतिहास मी पूर्वी जुळवला होता. शिक्षक आता नाहीत. मुलांना दुसरी आवृत्ती काढायची आहे. फाइल पेजमेकरमधली. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची आणि तिला युनिकोड ठाऊकच नाही. त्या काळच्या फॉन्ट-पॅकेजांत मराठी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या घरांत बसवलेली असत. म्हणजे फाइलमध्ये मराठी नसतेच, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. फॉन्ट असेल तर वाचता येतं, नाहीतर नुसता खडीचा ढीग. आमचं पॅकेज डोंगल, म्हणजे मशीनला जोडायची परवान्याची किल्ली, लावल्याशिवाय उघडायचं नाही. त्या डोंगलचा ड्रायव्हर लिनक्ससाठी कधी निघालाच नाही आणि नवा मागावा, तर कंपनी आता तो माल विकत नाही. मजकूर शिक्षकांचा, टाइप केलेला मी, पैसे मोजलेले आम्ही, आणि तरी तो वाचायला तिसऱ्याची परवानगी लागावी याचा मला अतोनात संताप आला. अजूनही येतो.

जुनं विंडोज वेगळ्या डिस्कवर, इंटरनेट तोडून ठेवलं होतं. तिथून मजकूर काढला आणि कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणला. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. 'निर्मिती' लिहिताना आधी वेलांटी, मग न; पुन्हा वेलांटी, मग म, त्याच्या डोक्यावर रफार. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा. न, मग त्याची वेलांटी. मग र आणि हलन्त, मग म आणि त्याची वेलांटी. कन्व्हर्टरला हा सगळा क्रम फिरवावा लागतो आणि वेलांटी नि रफार एकाच अक्षरावर आले, की तो हमखास गडबडतो. 'आर्थिक', 'धार्मिक', 'वार्षिक', गावाच्या इतिहासात हेच शब्द पानोपानी. काही चुका शोधून एकदम बदलता आल्या. आडनावं आणि शेतांची नावं मात्र छापील प्रत शेजारी ठेवून ओळीओळीने तपासली, कारण तिथे चुकीचं रूपही खऱ्या नावासारखं दिसतं.

पुस्तक आता छापखान्यात आहे. त्याचा युनिकोड मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये पेनड्राइव्हवर घालून मी शिक्षकांच्या मुलांकडे दिला. उघडायला ना डोंगल लागतो, ना मी.

त्या वेगळ्या डिस्कवर आणखी बरंच काही पडून आहे. ग्रंथालयांच्या स्मरणिका, बंद पडलेल्या मासिकांचे अंक, एका शाहिराची कवनं. डोंगल आहे तोवरच ते काढता येणार, आणि डोंगलही जुना झाला आहे. ज्यांची छापील प्रत कुठेच उरलेली नाही, त्या फाइल्स मी आधी हातात घेतल्या आहेत. त्यांतली नावं तपासायला, ज्यांनी तो मजकूर दिला होता त्यांना गाठावं लागतंय. शाहिरांच्या घरी येत्या रविवारी जायचं आहे.