पाच खोल्यांचा मालक

"पुणे जिल्ह्याचा इतिहास शिवनेरीपासून सुरू होतो," असं लग्नाच्या पंगतीत कुणीसं ठणकावून सांगितलं. त्याच तिरीमिरीत मी शिवनेरीहून कितीतरी जुन्या इनामगावला निघालो. रांजणगावच्या गणपतीला गाडीतूनच हात जोडले. शिरूरच्या लॉजवर रात्रभर ट्रक उशाशी गिअर बदलत होते आणि गरम पाणी मी उठायच्या आत संपलं होतं.

घोडनदीकाठची इनामगावची पांढर आता उसाने वेढलीय. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी इथं उत्खनन केलं आणि इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० पर्यंत नांदलेलं गाव उघडं पडलं. शंभरावर घरं, चुली, कोठार, पाण्याचा पाट. शेतात मुख्यतः सातू. बांधावरची एक खापरी उचलली. लाल अंगावर काळ्या तिरप्या रेघा. नखाने टिचकी मारताच खणकन वाजली. त्या काळच्या जोर्वे भांड्यांचा हा कडकपणा भट्टीतला. होती तिथंच ठेवून दिली.

मेलेलेही घरातच. तान्ह्या लेकरांना दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून जमिनीखाली पुरायचं. मोठ्यांचे पाय घोट्यापासून तोडायचे. मृताने उठून चालू लागू नये म्हणून, असं अभ्यासक म्हणतात. एकाचे मात्र शाबूत होते. साधारण चाळिशीचा पुरुष, चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला. त्याचं घर पाच खोल्यांचं, लगतच कोठार. ढवळीकरांनी त्याला गावप्रमुख ठरवलं.

इथं माझं त्यांच्याशी भांडण आहे. घर मोठं, पाय शाबूत, म्हणून प्रमुख? नुसता कोठी सांभाळणारा कशावरून नसेल? इसवी सनापूर्वी १००० नंतर पाऊस हटला, चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. पण पुढची तीनशे वर्षं लोक त्याच झोपड्यांत तगले. त्याला नुसती पडझड म्हणून भागतं का?

शेजारच्या फडात ऊसतोडवाल्यांच्या कोप्या होत्या, पाचटाच्या, गोल. बाहेर तीन दगडांची चूल. भाकरी थापणाऱ्या बाईंना विचारलं, "तुमच्यात मोठा कोण?"

"मुकादम," त्या म्हणाल्या.

"त्याची कोपी कुठली?"

"तो कशाला कोपीत राहतोय? आष्टीला स्लॅबचं घर हाय त्याचं. उचल देऊन गेला, आता पट्टा पडल्यावर यील हिशेबाला."